यादीत औरंगाबाद, उस्मानाबाद, अहमदनगर ही नावे बदलताना: एक्सेलमध्ये शोधा-बदला नेमके कसे करावे

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका संस्थेची काही हजार सभासदांची यादी एक्सेलमध्ये आहे. नाव, पत्ता, जिल्हा, राज्य, पिनकोड, खाते क्रमांक असे कॉलम आहेत. जिल्ह्यांची जुनी नावे काढून छत्रपती संभाजीनगर, धाराशिव आणि अहिल्यानगर घालायची आहेत. कंट्रोल-एच दाबून (म्हणजे शोधा-बदलाची, ‘फाइंड अँड रिप्लेस’ची चौकट उघडून) ‘रिप्लेस ऑल’ केले, तर काही ठिकाणी ‘छत्रपती छत्रपती संभाजीनगर’ झाले आणि काही ओळींत ‘औरंगाबाद’ डोळ्यांना दिसत असूनही एक्सेल ‘सापडले नाही’ म्हणते. हे का होते आणि काम नीट कसे करायचे?

आधी नेमके उत्तर देतो. जिल्ह्याचा कॉलम ‘रिप्लेस ऑल’ने बदलू नका. जुन्या-नव्या नावांचा एक छोटा तक्ता करा आणि लुकअपने (तक्त्यात नाव शोधून त्याची जोडी आणणाऱ्या फॉर्म्युल्याने) नवा कॉलम तयार करा. पत्त्याच्या कॉलमला सबस्टिट्यूट (मजकुरातल्या एका शब्दाच्या जागी दुसरा घालणारा) फॉर्म्युला वापरा, तोही पिनकोड पाहून. फाइंडची चौकट मुख्यतः शोधण्यासाठी वापरा. ‘रिप्लेस ऑल’ तेव्हाच दाबा, जेव्हा सापडलेल्या सगळ्या ओळी तुम्ही एकदा नजरेखालून घातल्या आहेत.

झाले ते का झाले? रिप्लेस शब्द ओळखत नाही, फक्त अक्षरांची ओळ जुळवते. यादीत कुणी आधीच ‘छत्रपती संभाजीनगर’ लिहिले होते, कुणी नुसते ‘संभाजीनगर’. तुम्ही ‘संभाजीनगर’ शोधून ‘छत्रपती संभाजीनगर’ घातले, की पूर्ण लिहिलेल्या ठिकाणी ‘छत्रपती’ दोनदा येणारच. याहून मोठा घोटाळा ‘नगर’ या शब्दाचा आहे. अहमदनगरला बोलताना सगळे ‘नगर’ म्हणतात, म्हणून यादीतही पुष्कळ जण तेवढेच लिहितात. ते ‘अहिल्यानगर’ करायला गेलात, तर ‘उल्हासनगर’चे ‘उल्हासअहिल्यानगर’ होईल, ‘नगरपालिका’ची ‘अहिल्यानगरपालिका’ होईल आणि ‘छत्रपती संभाजीनगर’ आधीच घातले असेल तर तेही बिघडेल. पूर्ण शीटवर चालवले तर नावाच्या कॉलममधले ‘नगरकर’ आणि ‘औरंगाबादकर’ या आडनावांचेसुद्धा रूपांतर होईल. सभासदाचे आडनाव बदलणे ही किरकोळ चूक नाही. पासबुक, मतदारयादी, नोटीस सगळीकडे ती चूक जाते.

म्हणून पहिली गोष्ट म्हणजे कार्यक्षेत्र आखून घेणे. एकच सेल निवडलेला असेल तर एक्सेल संपूर्ण शीटमध्ये शोधते. एकाहून जास्त सेल निवडले असतील तर तेवढ्यातच शोधते. त्यामुळे कंट्रोल-एच दाबण्याआधी कॉलमच्या डोक्यावरच्या अक्षरावर क्लिक करून तो कॉलम निवडा. चौकटीत ‘ऑप्शन्स’ उघडा आणि तीन गोष्टी दर वेळी पाहा. ‘विदिन’मध्ये ‘शीट’ आहे की ‘वर्कबुक’: ‘वर्कबुक’ असेल तर तुमची निवड बाजूला राहते आणि फाइलमधल्या सगळ्या शीट्स बदलतात. ‘मॅच एन्टायर सेल कन्टेन्ट्स’वर खूण आहे की नाही: खूण असेल तर पूर्ण सेल जुळला तरच बदल होतो, म्हणजे ‘नगर’ एवढेच लिहिलेले सेल बदलतील आणि ‘उल्हासनगर’ वाचेल. आणि ‘लुक इन’मध्ये काय आहे (त्याबद्दल पुढे सांगतो). एक्सेल उघडे असेपर्यंत या खुणा मागच्या वेळच्याच राहतात. सकाळी एका कामासाठी केलेली खूण दुपारच्या कामात तशीच असते आणि ‘सापडत नाही’ या तक्रारींपैकी बऱ्याचशा इथेच संपतात.

‘मॅच केस’ची खूण देवनागरीला लागू नाही, कारण आपल्या लिपीत लहान-मोठी अक्षरे नाहीत. रोमन लिपीतल्या कॉलमला ती लागते. तिथे खूण नसली तर सगळी रूपे सापडतात, पण बदली शब्द तुम्ही टाइप केला तसाच पडतो. मूळ शब्द सगळा मोठ्या अक्षरांत होता म्हणून नवा तसा होत नाही. रोमन लिपीत आणखी एक धोका आहे. ईमेल आणि संकेतस्थळांच्या पत्त्यांत शहराचे नाव असते. तिथे मध्ये मोकळी जागा असलेला नवा शब्द घुसला की पत्ता मोडतो. हायपरलिंक असेल तर दिसणारा मजकूर बदलतो, पण दुव्यामागचा खरा पत्ता जुनाच राहतो.

आता ‘दिसते पण सापडत नाही’ याकडे वळू. इथे थोडा वेळ द्यावा लागतो, कारण मराठी यादीत याची कारणे इंग्रजी यादीपेक्षा जास्त आहेत.

सर्वांत साधे हत्यार म्हणजे लांबी मोजणे. (फॉर्म्युले इथे देवनागरीत लिहिले आहेत, एक्सेलमध्ये ते रोमन अक्षरांत आणि रोमन अंकांत टाइप करायचे; अवतरणातले मराठी शब्द आणि शीटचे मराठी नाव मात्र तसेच ठेवायचे.) जिल्हा डी कॉलममध्ये असेल तर शेजारच्या रिकाम्या कॉलममध्ये =लेन(डी२) लिहून खाली ओढा. एक्सेल काना, मात्रा, अनुस्वार आणि हलन्त ही सगळी चिन्हे वेगवेगळी मोजते. ‘औरंगाबाद’ची लांबी ८ येते, ‘उस्मानाबाद’ची १०, ‘अहमदनगर’ची ७. ‘औरंगाबाद’पुढे ९ आला की त्यात एक चिन्ह जास्त आहे, हे पक्के.

ते बहुधा शेवटी राहिलेली मोकळी जागा असते. पूर्ण सेल जुळवण्याची खूण केलेली असेल तर एवढ्या एका जागेमुळे सेल निसटतो. ट्रिम फॉर्म्युला ती काढतो. पण मजकूर वेबपानावरून उचललेला असेल तर ती जागा साधी नसते, न तुटणारी असते. संगणकात प्रत्येक चिन्हाला एक ठरलेला क्रमांक असतो (युनिकोड). या जागेचा क्रमांक १६० आणि ट्रिम तिला हात लावत नाही. तपासायला =यूनिकोड(राइट(डी२,१)) लिहा. उत्तर २३४२ आले तर शेवटचे अक्षर ‘द’ आहे, म्हणजे शेपूट स्वच्छ. ३२ म्हणजे साधी जागा, १६० म्हणजे न तुटणारी, ८२०३ ते ८२०५ म्हणजे शून्य रुंदीची चिन्हे, जी पडद्यावर दिसतच नाहीत. क्लीन फॉर्म्युला ० ते ३१ क्रमांकांचीच चिन्हे काढतो, त्यामुळे यांच्यावर तो चालत नाही. सफाईसाठी =ट्रिम(सबस्टिट्यूट(डी२,यूनिकार(१६०)," ")) वापरा. ८२०३साठी तसाच आणखी एक सबस्टिट्यूट बाहेरून लावा, पण तिथे बदली म्हणून रिकामे अवतरण द्या. ८२०४ आणि ८२०५ मात्र सरसकट उडवू नका. जोडाक्षरांचे रूप त्यांच्यावर अवलंबून असते. ‘सातार्‍याचा’ यातला अर्धा र काही कीबोर्ड ८२०५च्या मदतीने लिहितात. ते चिन्ह काढले की तो र पुढच्या अक्षराच्या डोक्यावर रफार होऊन बसतो.

शेपूट स्वच्छ असूनही लांबी ९ येत असेल तर पहिले अक्षर तपासा: =यूनिकोड(लेफ्ट(डी२,१)). खरा ‘औ’ २३२४ देतो. उत्तर २३०९ आले तर कुणीतरी ‘अ’ लिहून त्याला ‘ौ’ची मात्रा जोडली आहे. बऱ्याच फॉन्टमध्ये दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात, पण संगणकाला ते वेगळे आहेत. हाच प्रकार ‘ॲड.’मध्ये होतो: ‘ॲ’ हे एक चिन्ह, आणि ‘अ’वर ‘ॅ’ ठेवून केलेले ते दोन चिन्हांचे. वकील सभासद शोधताना अर्धे सापडतात आणि अर्धे नाहीत, त्याचे कारण हे. अशा वेळी शोधायचा शब्द कीबोर्डने टाइप करू नका. न सापडणाऱ्या सेलमध्ये एफ-२ दाबून आत शिरा, तो शब्द तिथूनच उचला आणि फाइंडच्या चौकटीत चिकटवा. सेलमधल्या चिन्हांची तंतोतंत प्रत मिळते, मग तो लपू शकत नाही.

एक प्रकार मात्र यापैकी कशानेही सुटत नाही. जुन्या फायलींत श्रीलिपी, कृतीदेव किंवा शिवाजी अशा फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर असतो. तो मराठी दिसतो, पण आत रोमन अक्षरे आणि चिन्हेच असतात. सेल निवडून फॉन्ट एरियल करा. मजकुराची अगम्य रोमन अक्षरे झाली तर यादी युनिकोडमध्ये नाही. आधी त्या फॉन्टच्या कन्व्हर्टरने सगळा कॉलम युनिकोडमध्ये आणा, बाकी सगळे नंतर.

एवढी सफाई झाली की जिल्ह्याचा कॉलम नव्या शीटवर चिकटवा आणि ‘डेटा’ टॅबमधले ‘रिमूव्ह डुप्लिकेट्स’ चालवा. हजारो ओळींचे वीस-तीस प्रकार उरतात: औरंगाबाद, छ. संभाजीनगर, छ.संभाजीनगर, छत्रपती संभाजी नगर, नगर, अहमदनगर, अ.नगर, उस्मानाबाद, धाराशीव. इथेच पुणे, पूणे आणि कोल्हापूर, कोल्हापुर हेही समोर येतात. या यादीशेजारी दुसऱ्या कॉलममध्ये प्रत्येकाचे अंतिम नाव लिहा. शीटला ‘जोडी’ नाव द्या. हा तक्ता जपून ठेवण्यासारखा आहे: पुढच्या वर्षी नवे सभासद आले की तोच उपयोगी पडतो, आणि काय कशात बदलले याचा लेखी पुरावाही तोच.

मग मूळ शीटवर नव्या कॉलममध्ये:

=इफ(ई२="महाराष्ट्र",एक्सलुकअप(डी२,जोडी!ए:ए,जोडी!बी:बी,डी२)&"",डी२&"")

ई कॉलममध्ये राज्य आहे असे धरले आहे. ही अट अनावश्यक वाटेल, पण नाही. बिहारमध्येही औरंगाबाद नावाचा जिल्हा आहे आणि त्याचे नाव तेच आहे. तक्त्यात एखादे नाव नसेल तर मूळ नाव तसेच राहते, कारण फॉर्म्युल्याचा चौथा भाग डी२च दिला आहे. शेवटचे &"" रिकाम्या सेलमध्ये ० येऊ देत नाही. एक्सलुकअप एक्सेल २०२१ आणि ३६५मध्ये आहे. जुन्या आवृत्तीत त्याच्या जागी इफएरर(व्हीलुकअप(डी२,जोडी!ए:बी,२,फॉल्स),डी२) लिहा. पूर्ण सेल जुळल्याशिवाय लुकअप काही बदलत नाही, म्हणून ‘छत्रपती छत्रपती’चा प्रश्नच येत नाही. निकाल पटला की कॉलम कॉपी करून ‘पेस्ट स्पेशल’मधून ‘व्हॅल्यूज’ चिकटवा. जुना कॉलम लगेच पुसू नका, लपवून ठेवा.

पत्त्याचा कॉलम (इथे सी) अवघड, कारण तिथे नाव वाक्यात मिसळलेले असते. युक्ती अशी की नव्या नावाकडे थेट जायचे नाही. आधी सगळी रूपे एका जुन्या रूपावर आणायची आणि मग तिथून एकदाच पुढे न्यायचे:

=सबस्टिट्यूट(सबस्टिट्यूट(सबस्टिट्यूट(सी२,"छत्रपती संभाजीनगर","औरंगाबाद"),"संभाजीनगर","औरंगाबाद"),"औरंगाबाद","छत्रपती संभाजीनगर")

सबस्टिट्यूट आतून बाहेर चालतो, त्यामुळे सर्वांत लांब रूप सर्वांत आत ठेवायचे. ‘छ. संभाजीनगर’ आणि ‘छ.संभाजीनगर’ ही रूपे असतील तर त्यांचे सबस्टिट्यूटही नुसत्या ‘संभाजीनगर’च्या आत यायला हवेत, नाहीतर ‘छ. छत्रपती संभाजीनगर’ तयार होईल.

पण संभाजीनगर नावाचा भाग चिंचवडमध्येही आहे आणि कोल्हापुरातही. तिथल्या सभासदांचे पत्ते बिघडू नयेत म्हणून पिनकोडची अट हवी (एफ म्हणजे पिनकोडचा कॉलम): =इफ(लेफ्ट(एफ२,३)="४३१", वरचा सबस्टिट्यूट, सी२). ४३१ अवतरणातच लिहा, कारण लेफ्ट नेहमी मजकूर देतो, आकडा नाही. पिनकोडमध्ये कुठे देवनागरी अंक तर कुठे रोमन अंक असतील तर आधी ते एकसारखे करून घ्या. ४३१ने जालना, परभणी, नांदेडकडचे पिनकोडही सुरू होतात, तेव्हा ही अट जिल्हा ओळखण्यासाठी नसून पुणे-कोल्हापूर वगळण्यासाठी आहे हे लक्षात असू द्या. ‘नगर’ हा शब्द पत्त्यात फॉर्म्युल्याने बदलूच नये, ‘ता. नगर, जि. अहमदनगर’ असे लिहिलेले असते आणि त्यातला पहिला नगर तालुका आहे. पत्त्यात फक्त पूर्ण ‘अहमदनगर’ बदला.

मराठी प्रत्ययांचाही विचार करा. ‘अहमदनगरचा’चे ‘अहिल्यानगरचा’ नीट होते. पण शेऱ्याच्या कॉलममधल्या ‘उस्मानाबादेत’चे ‘धाराशिवेत’ होईल आणि ते मराठी कानाला लगेच खटकते. असे सेल शोधायला फाइंडमध्ये उस्मानाबादे* लिहा आणि हाताने दुरुस्त करा. * म्हणजे कितीही चिन्हे, ? म्हणजे एक चिन्ह. मात्र ? देवनागरीत फसवतो, कारण ‘की’ डोळ्यांना एक अक्षर असले तरी एक्सेलला दोन चिन्हे आहेत. खरा * किंवा ? शोधायचा असेल तर त्याआधी ~ लावा. नुसता * शोधून रिप्लेस ऑल केले, तर निवडलेल्या भागातला प्रत्येक भरलेला सेल बदलून जाईल.

काय बदलायचे नाही, हेही आधीच ठरवा. शहरांच्या बाबतीत औरंगाबाद आणि उस्मानाबाद यांच्या नामांतराला केंद्राची मान्यता फेब्रुवारी २०२३मध्ये मिळाली, जिल्ह्यांसाठी राज्याची अधिसूचना सप्टेंबर २०२३मध्ये निघाली, आणि अहिल्यानगरचे ऑक्टोबर २०२४मध्ये झाले. त्याआधीच्या दस्तऐवजांचे संदर्भ, जुन्या दाखल्यांवरची ठिकाणे, संस्थांची नोंदणीकृत नावे यांत मूळ कागदावर जे आहे तेच राहिले पाहिजे. दस्त क्रमांकाशेजारचे ठिकाण बदलले तर तो दस्त पुढे शोधताच येणार नाही.

खाते क्रमांक आणि मोबाइलच्या कॉलममधल्या रेघा किंवा मोकळ्या जागा काढायला रिप्लेस कधीही वापरू नका. रिप्लेस झाल्यावर एक्सेल तो सेल पुन्हा नव्याने वाचते, आणि आता त्यात फक्त अंक उरले म्हणून त्याला संख्या समजते. सुरुवातीचे शून्य जाते. एक्सेल संख्येचे १५च अंक जपते, म्हणून १६ अंकी क्रमांकाचा शेवटचा अंक ० होतो आणि तो परत मिळवायचा मार्ग नसतो. कॉलम आधी ‘टेक्स्ट’ केला असला तरी यावर विसंबू नका. सबस्टिट्यूटचा निकाल मजकूरच राहतो, तो वापरा. याच जातीची दुसरी चूक म्हणजे ० काढण्यासाठी ० शोधून रिकामे टाकणे. पूर्ण सेलची खूण नसेल तर १००चा १ होतो आणि २०५०चा २५.

‘लुक इन’बद्दल राहिले. रिप्लेसच्या बाजूला तिथे फक्त ‘फॉर्म्युलाज’ असते, म्हणजे बदल सेलमध्ये दिसणाऱ्या निकालात होत नाही, मागच्या फॉर्म्युल्यात होतो. ‘औरंगाबाद’ व्हीलुकअपने आलेले असेल तर रिप्लेसला ते सापडणार नाही. फाइंडमध्ये ‘व्हॅल्यूज’ निवडून पाहिलेत तर दिसेल. ते जिथून आले त्या मूळ तक्त्यात बदला. उलट एखाद्या शीटचेच नाव ‘औरंगाबाद’ असेल आणि फॉर्म्युल्यांत त्या शीटचा उल्लेख असेल, तर रिप्लेस उल्लेख बदलेल, शीटचे नाव मात्र जुनेच राहील. मग एक्सेल फाइल निवडायची खिडकी उघडून त्या नावाची शीट मागत बसते. एस्केप दाबून बाहेर या, कंट्रोल-झेड करा आणि शीटचे नाव टॅबवर दोनदा क्लिक करून बदला. उल्लेख आपोआप सुधारतात.

फिल्टर लावलेला असताना बदल करायचा असेल तर भाग निवडून ऑल्ट आणि अर्धविराम ही बटणे एकत्र दाबा. मग फक्त दिसणारे सेल निवडलेले राहतात. सेलच्या आतली नवी ओळ शोधायला फाइंडच्या चौकटीत कंट्रोल-जे दाबा. चौकट रिकामी दिसेल, पण ते चिन्ह तिथे बसलेले असते आणि पुढच्या शोधातही राहते. काम झाल्यावर बॅकस्पेसने काढा, नाहीतर पुढचा कुठलाच शब्द सापडणार नाही.

‘फाइंड ऑल’ हे बटण लोक फार कमी वापरतात, याची खंत वाटते. सापडलेल्या सगळ्या सेलची यादी खाली उघडते. ‘व्हॅल्यू’ या शीर्षकावर क्लिक केले की ती मजकुरानुसार लागते आणि ‘औरंगाबाद रोड’, ‘औरंगाबादकर’ असले विचित्र प्रकार एकत्र येतात. यादीत क्लिक करून कंट्रोल-ए दाबले की ते सगळे सेल शीटवर निवडले जातात. त्यांना पिवळा रंग द्या, मग निवांत बघा.

गूगल शीट्समध्ये कंट्रोल-एच तसेच उघडते, पण ‘सर्च’मध्ये सुरुवातीला सगळ्या शीट्स निवडलेल्या असतात, ते आधी ठरावीक भागावर आणा. तिथे * आणि ? चालत नाहीत, रेग्युलर एक्स्प्रेशनची (अक्षरांचा नमुना लिहून शोधायच्या पद्धतीची) खूण करावी लागते. ^औरंगाबाद$ लिहिले की फक्त तेवढेच लिहिलेले सेल जुळतात. शब्दाची हद्द दाखवणारे चिन्ह देवनागरीवर भरवशाचे नाही, ते टाळा.

शेवटी मोजणी. बदलाआधी तक्त्यातल्या प्रत्येक रूपाची संख्या काउंटइफने काढून ठेवा. औरंगाबादच्या सगळ्या रूपांची बेरीज, वजा महाराष्ट्राबाहेरच्या ओळी, आणि नव्या कॉलममधली ‘छत्रपती संभाजीनगर’ची संख्या एकच यायला हवी. मग =काउंटइफ(जी:जी,"*औरंगाबाद*") चालवा, जी म्हणजे नवा कॉलम. उत्तरात फक्त बिहारच्या ओळी उरल्या पाहिजेत. अहवालाच्या शीटवर काउंटइफमध्ये जुने नाव अवतरणात लिहिलेले असेल तर तो आकडा आता गुपचूप ० दाखवेल, तिथे नवे नाव घाला. ड्रॉपडाउनची यादी ‘डेटा व्हॅलिडेशन’मध्ये स्वल्पविराम देऊन लिहिली असेल तर रिप्लेस तिथे पोहोचत नाही, ती बदलली नाही तर पुढचा सभासद पुन्हा ‘उस्मानाबाद’च निवडेल. चार्टचे शीर्षक, छपाईचा हेडर, टेक्स्ट बॉक्स यांचेही तेच. पिव्होट (यादीचा गोषवारा काढणारा तक्ता) रिफ्रेश केल्यावरही त्याच्या फिल्टरमध्ये जुनी नावे दिसत राहिली तर ‘पिव्होटटेबल ऑप्शन्स’च्या ‘डेटा’ भागात जुनी नावे राखण्याची संख्या ‘नन’ करा आणि पुन्हा रिफ्रेश करा.